गुरुजींचा कवडसा

धोंडाबाई मरगळे म्हणजे दुधाने तोंड पोळायच्या आधीपासूनच ताक फुंकून पिणारी बाई. वेल्ह्याच्या बाजारात ती तुपाची किटली घेऊन उतरली की दुकानदार तराजूची पारडी आपणहून पुसून ठेवत. एसटीत बसली तर तिकिटावर काय छापलंय ते शेजारच्याकडून वाचून घेई, मग मागच्याकडून, आणि दोघांचं जुळलं तरच तिकीट कमरेच्या पिशवीत जाई. सख्ख्या दिराने वाटणीत तिच्या गळ्यात आंधळी म्हैस मारली होती. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि हाताने चाचपल्याशिवाय कशावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

अशा बाईने आख्ख्या जन्मात एका परक्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला, आणि नेमका त्याच माणसाने तिचा केसाने गळा कापला. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर आनंदराव गुरुजींविषयी पुढे जे चांगलं चांगलं येणार आहे, ते ऐकून तुम्हीही तिच्यासारखेच भुलाल.

तोरण्यासमोरच्या डोंगराच्या सपाटीवर धोंडाबाईचा धनगरवाडा. मोजकी घरं, कुडाच्या भिंती आणि दारोदार म्हशी. मुलगा सोमनाथ बायकोला घेऊन पुण्याच्या बाजूला कंपनीत कामाला गेला होता. त्याची पोर मोहिनी तेवढी मागे राहिली, कारण तिला आजी सोडवेना आणि आजीला ती. खाली खोऱ्यात, मार्गासनीकडून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला गुरुजींचं गाव. गुरुजींनी सगळी नोकरी मुलांना विज्ञान शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर घरच्या भातशेतीत उतरले. खडू सुटला तरी शिकवायची खोड काही सुटली नव्हती. खत टाकायला आलेल्या गड्यालाही ते आधी वनस्पतीचं अन्न समजावून सांगत आणि मग पाटी उचलू देत.

दोघांची ओळख झाली ती एका मेलेल्या म्हशीपायी. तेव्हा धोंडाबाईचा नवरा बिरू होता. त्यांची एक दुभती म्हैस चारा टाकून उभी राहिली, कण्हायला लागली आणि गेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तेव्हा आत तारेचा गंजका तुकडा निघाला. पेंढ्याबरोबर पोटात गेलेला. तो पेंढा गुरुजींच्या खळ्यातला होता. धोंडाबाईला ते माहीत होतं, पण कुणाच्या पेंढ्यात काय असतं याला पुरावा काय, म्हणून ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी पाहते तो गुरुजी धापा टाकत डोंगर चढून दारात उभे.

"धोंडाताई, तार माझ्याच खळ्यातली होती," ते म्हणाले. "चूक माझी."

आणि पिशवीतून त्यांनी जुन्या कर्ण्यातलं एक जड, वाटोळं लोहचुंबक काढून तिच्या हातावर ठेवलं. पेंढा म्हशीपुढे टाकण्याआधी हे त्यातून फिरवायचं, लोखंड असेल ते ओढून घेतं, असं म्हणाले. धोंडाबाईने अर्थातच परीक्षा घेतली. पितळी तांब्याला लावलं, चिकटलं नाही. चांदीच्या जोडव्यांना लावलं, नाही. विळ्याजवळ नेलं तर विळा उडी मारून बिलगला. गुरुजी समजावू लागले, की धातू धातूत फरक असतो, चुंबक सगळ्यांना ओढत नाही. धोंडाबाईने तोवर ते बिरूच्या पाठीवरून फिरवून घेतलं होतं.

"ह्यांच्यात लोखंड न्हाई," ती म्हणाली, "तरी घराला कसं चिकटून बसल्यात बगा!"

बिरूसुद्धा हसला. त्या दिवशी धोंडाबाईने गुरुजींना चहाबरोबर वाटीभर खरवस दिला. लोहचुंबक खरं होतं म्हणून नव्हे. चूक कबूल करायला डोंगर चढून येणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता. त्या दिवाळीला भाऊबीजेचं तबक घेऊन ती खाली उतरली. गुरुजींना बहीण नव्हती, तिला भाऊ नव्हता. पुढे बिरू गेला तेव्हा माहेरची साडी गुरुजींनी नेसवली. मोहिनी पुढच्या वर्गात गेली आणि डोंगराची रोजची चढउतार तिला जड होऊ लागली, तेव्हा "ती आमच्यात राहील" हेही गुरुजीच म्हणाले. शनिवारी वर यायचं, सोमवारी खाली जायचं, मधले दिवस गुरुजींच्या घरी, त्यांच्या बायकोच्या, रत्नाकाकूंच्या हातचं जेवण. सख्ख्या मामाने केलं नसतं ते मानलेल्याने केलं, हे खोटं कसं म्हणायचं?

वाड्यावर मोबाईलला रेंज नाही. त्यावर तोडगा म्हणून गुरुजींनी आरसा दिला. "उजेड आरशावर जेवढा तिरपा येतो, तेवढाच तिरपा परत फिरतो," असं म्हणून त्यांनी भिंतीवर चेंडू मारून दाखवला. मग आरसा धरून उन्हाची चमक दूरच्या झाडावर नेऊन ठेवली. धोंडाबाईला पुन्हा परीक्षा घ्यायची होतीच. तिने पांढरं धोतर पुढे धरलं, मग ॲल्युमिनियमचं ताट, आणि शेवटी बिरूचं काळं घोंगडं.

"घोंगडं काही देणार नाही ताई," गुरुजी म्हणाले. "काळा रंग सगळा उजेड पिऊन टाकतो. परत काही सोडत नाही. म्हणून तर उन्हात तापतो."

"मंजी आमच्यावाणीच म्हना की. पोटात ठिवायचं आन् तापायचं."

तेव्हापासून खोऱ्यात आणि डोंगरावर कवडशांची बोली सुरू झाली. सकाळी ऊन वर आलं की धोंडाबाई अंगणातून आरसा हलवी. खालून गुरुजींच्या ओसरीवरून लखकन उत्तर येई. गावातली पोरं त्याला 'धनगरांचा मोबाईल' म्हणत. म्हणू देत बापडी. त्याला कधी रिचार्ज लागला नाही.

झटका मशीन आलं ते रानडुकरांमुळे. भात पोटरीला आलं की डुकरांच्या टोळ्या उतरत आणि खाचरं लोळून उद्ध्वस्त करत. गुरुजींनी शेताला तार ओढली आणि ओसरीवर बॅटरीवर चालणारं मशीन बसवलं. धोंडाबाईच्या म्हशींची ओढ्याकडे जायची वाट त्याच शेतातून होती. गुरुजींनी वाट बंद केली नाही. तिथे तारेला आकडा ठेवला, काढला की वाट मोकळी. आणि पहिल्याच दिवशी तिला बोलावून घेऊन समजावलं, अगदी वर्गात शिकवावं तसं.

"ऐका. मशीन टिक टिक करतंय ना? एक टिक म्हणजे एक झटका. झटका मोठा, पण पापणी लवायच्या आत संपणारा. वीज तारेतून जनावराच्या अंगात, अंगातून जमिनीत, आणि जमिनीतून ह्या पुरलेल्या गजावाटे परत मशीनमध्ये. वाट पुरी झाली तरच वीज वाहते. तारेवर चिमणी बसते, तिला काही होत नाही, कारण तिचा पाय जमिनीला नसतो. आणि दोन टिकच्या मध्ये तारेत काहीच नसतं. तेवढ्यात जनावर सुटून पळतं. घाबरतं, मरत नाही."

धोंडाबाईने गवताची हिरवी काडी तारेला टेकवून पाहिली आणि बोटाला मुंगी डसल्यासारखं झालं तशी गुरुजींच्या नावाने ओरडली. मग हसली. मग तिच्या स्वभावाप्रमाणे पुढचं विचारलं.

"आन् घरातल्या लाईटीची वायर ह्येला जोडली तर?"

गुरुजींचा चेहरा एकदम कडक झाला होता, तिला आजही आठवतो.

"ती वीज मध्ये थांबत नाही, ताई. स्नायू आवळून धरते, सोडत नाही. ओल्या जमिनीवर तर विचारूच नका. काही नालायक तसं करतात. माणसं मेलीत. तसं करणारा शेतकरी नव्हे, तो खुनी."

नियम ठरला. सकाळी तिचा कवडसा म्हणजे "म्हशी घेऊन निघते." गुरुजींनी ओसरीवरचं बटण बंद करायचं आणि उलटा कवडसा टाकायचा, म्हणजे "या, बंद केलंय." शिवाय खाली पोचल्यावर ती तारेजवळ कान देई. टिक नाही म्हणजे वीज नाही. गुरुजींचा शब्द आणि स्वतःचा कान, दोन्ही जुळले की ती आकडा काढी. तिकीट दोघांकडून वाचून घ्यायचं, तसंच.

यंदा दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस रेंगाळला. एका संध्याकाळी डोंगरामागे बराच वेळ गडगडलं, थोडा शिडकावा झाला. सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. धोंडाबाईने आरसा हलवला. खालून लगेच उत्तर आलं, नेहमीसारखं, लखकन. तिने म्हशी सोडल्या.

सगळ्यांत पुढे काजळी. कळपाची म्होरकी, गळ्यात घंटा, धोंडाबाईने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तारेजवळ पोचल्यावर धोंडाबाईने कान दिला. टिक नाही. तिने आकड्याकडे हात नेला, आणि तेवढ्यात ओढ्याच्या ओढीने काजळीने तिला खांद्याने बाजूला लोटलं आणि नाक पुढे घातलं.

काजळी ओरडलीसुद्धा नाही. नाक तारेला चिकटलं, अंगभर एक थरथर गेली, आणि एवढं मोठं जनावर पुढच्या पायांवर बसलं, मग आडवं झालं. घंटा एकदाच वाजली. धोंडाबाईचा हात अजून हवेतच होता. तो तिने झटकन मागे ओढला. मग तिने काठी उगारून बाकीच्या म्हशी मागे हाणल्या आणि बोंब मारली.

गुरुजी धावत आले. अनवाणी, धोतराचा सोगा चिखलात. आणि धोंडाबाईने जे पाहिलं ते ती मरेपर्यंत विसरणार नाही. ते काजळीकडे आले नाहीत, तिच्याकडे आले नाहीत. तिच्या बाजूने तसेच पुढे पळत गेले, शेताच्या टोकाला, जिथे पाण्याच्या मोटरच्या लाईटची पेटी आहे तिथे. पेटीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग ते परत आले, हळू.

मशीन ओसरीवर. मग माणूस पेटीकडे का धावला? त्याचं उत्तर तिला कुणी सांगायला नको होतं.

"मशीन कुठाय, गुरुजी?"

"बिघडलंय. कापूरहोळला दिलंय दुरुस्तीला. पार्ट यायचाय."

"आन् ह्ये?"

गुरुजींनी खाली पाहिलं. "डुकरांनी वरचं खाचर सपाट केलं, ताई. सगळा इंद्रायणी भात होता. म्हटलं, रात्रीपुरतं... ह्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. पहाटे जाते. रोज जाते. आज मध्येच परत आली."

"मंग कवडसा?"

"म्हटलं, लाईट गेलेलीच असणार."

असणार! जन्मभर पोरांना 'आधी पाहा, मग लिहा' म्हणून छड्या मारणारा माणूस 'असणार' म्हणाला. धोंडाबाई काजळीपाशी बसली. तिच्या कानामागे खाजवत राहिली, जिवंतपणी आवडायचं तसं. खरं सांगायचं तर अजूनही तिचं मन गुरुजींना माफ करायला वाट शोधत होतं. त्यांनी त्या वेळी फक्त एवढं म्हणायचं होतं, तार माझी होती, चूक माझी. एकदा म्हटलं होतं तसं. ती उठली असती आणि म्हणाली असती, "जाऊ द्या, गुरुजी."

गुरुजी मात्र घाईघाईने पेटीपासूनची वायर गुंडाळत होते. वायर त्यांनी पेंढ्याच्या गंजीत खुपसली आणि तिच्या शेजारी उकिडवे बसले. आवाज मऊ केला.

"काल संध्याकाळी कडाडलं ना? वीज पडली म्हणू. तलाठी येतील, पंचनामा होईल, तुम्हाला सरकारी मदतही मिळेल. कुणाचंच नुकसान नाही." मग थांबून म्हणाले, "मोहिनीची यंदा दहावी. माझ्या घरात राहून तिचं नीट चाललंय. माझ्यावर केस झाली तर तिचं काय, तुम्हीच विचार करा."

दिराने आंधळी म्हैस दिली तेव्हा धोंडाबाई भांडली होती, केस धरून भांडली होती. इथे मात्र भांडायचं तरी कशाशी? धमकीच होती ती, पण मायेच्या घोंगडीत गुंडाळलेली. पोरीला ताट वाढताना हा माणूस त्या ताटाचा असा हिशेब ठेवत होता का?

दुपारी वेल्ह्याहून तलाठी भाऊसाहेब आले, जनावरांचे डॉक्टर आले, गावातली माणसं जमली. सगळ्यांच्या तोंडी वीज पडल्याचीच गोष्ट होती. गुरुजींनी सांगितलेली गोष्ट खोटी असू शकते हे त्या गावात कुणाला माहीतच नव्हतं. शाळा सुटून मोहिनीही आली होती, काजळीकडे पाहून ओठ चावत उभी होती. भाऊसाहेबांनी धोंडाबाईला विचारलं, "आजी, काय झालं ते सांगा."

धोंडाबाईने पदर नीट केला.

"भाऊसाहेब, म्या सांगते. पर आदी गुरुजींनी सांगावं. त्ये म्हनतील त्ये म्या मान्य करीन." आणि ती गुरुजींकडे वळली. "फकस्त माज्या तोंडाकडं बगून सांगा, गुरुजी."

तिने त्यांना वाट ठेवली होती, त्यांनी तिच्या म्हशींना ठेवली होती तशी. आकडा काढायचा आणि बाहेर यायचं, एवढंच काम होतं.

गुरुजींनी मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाहिलं. आणि वर्गात धडा सांगावा तशा स्पष्ट आवाजात म्हणाले, "वीज पडली, भाऊसाहेब. मी ओसरीवरून पाहिली."

मानलेल्या भावाने भरल्या डोळ्यांनी खोटं सांगितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्यांचे डोळे कोरडे होते.

"न्हाई, भाऊसाहेब," धोंडाबाई म्हणाली. "म्या मान्य करते म्हनले व्हते, पर न्हाई करत. आबाळ सोच्छ व्हतं. तारंत मोटारीची लाईट सोडली व्हती. वायर त्या गंजीत हाय. काजळी मधी घुसली नसती तर हितं म्या पडले असते, आन् तवाबी ह्ये ईज पडली म्हनले असते."

भाऊसाहेबांच्या शिपायाने गंजीत हात घातला. पुढचं सांगण्यासारखं काही नाही. माणसं पांगली. जाताना एकजण म्हणाला, "म्हशीपायी देवमाणसाला बुडवलं." दुसरा म्हणाला, "खाल्ल्या घराचे वासे मोजले म्हातारीनं." धोंडाबाईने ऐकून घेतलं. खुनी हा शब्द तिचा नव्हता, गुरुजींचाच होता. तिने तो उच्चारलाही नाही.

मोहिनी गुरुजींच्या घरात गेली आणि कपड्यांची पिशवी नि पुस्तकांची पेटी घेऊन बाहेर आली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. रत्नाकाकू दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. पेटी डोक्यावर घेऊन पोर आजीमागून डोंगर चढू लागली. निम्म्या वाटेवर ती थांबली आणि रडायला लागली.

"आजी, मला म्हाईत व्हतं. परवा गुरुजी वायर जोडत व्हते तवा म्या इचारलं, ह्ये धोक्याचं न्हाई का. त्ये म्हनले, रातीपुरतं हाय. आन् म्हनले, आजीला सांगू नको, उगं घाबरंल."

धोंडाबाई खाली बसली. आतापर्यंत ती रडली नव्हती. काजळी गेली तेव्हा नाही, गुरुजी खोटं बोलले तेव्हा नाही. आता मात्र तिच्या तोंडून हुंदका फुटला. अडाण्याने तार जोडली असती तर तिने शिव्या घातल्या असत्या आणि विसरली असती. ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं. वीज कुठून येते, कुठून जाते, ओल्या जमिनीवर काय करते. आपण सकाळी त्याच तारेला हात घालणार हेही ठाऊक होतं. आणि त्यांना काळजी कशाची, तर आपल्याला कळू नये याची.

"तुजं काय न्हाई, बाय," ती नातीला म्हणाली. "तू लेकरू. तुज्या ईस्वासाच्या आडून त्येंनी माजा मोडला."

दुसऱ्या दिवसापासून मोहिनी पहाटे डोंगर उतरू लागली, आजी निम्म्या वाटेपर्यंत सोबत. पोर वाटेने पाठ म्हणायची. परिपथ पूर्ण असेल तरच विद्युतधारा वाहते. धोंडाबाई ऐकायची. शब्द वेगळे होते, गोष्ट तीच होती, आणि गोष्ट खरी होती. म्हणून तर जास्त दुखायचं. लोहचुंबकही तिने फेकून दिलं नाही. रोज पेंढ्यातून फिरवायची. म्हशींच्या पोटाने काय पाप केलंय?

भाऊबीजेची सकाळ उजाडली. मोहिनी अंगण सारवत होती. इतकी वर्षं या दिवशी पहिला कवडसा वरून जायचा. येते, पाट मांडून ठेवा. आज वरून काही गेलं नाही. ऊन चांगलं वर आलं आणि खालून चमक आली. लखकन. थांबून पुन्हा आली. मग सरळ न येता थरथरत, झाडांवरून, कुडावरून, दोघींच्या डोळ्यांवरून जात येत राहिली. म्हाताऱ्या हाताला आरसा स्थिर धरवत नव्हता.

"आजी," मोहिनी हळूच म्हणाली, "गुरुजी बोलावत्यात."

अंगणातल्या लाकडी मेढीला आरसा टांगलेला होता. ऊन थेट त्याच्यावर आलं होतं. नुसता जरासा वळवला असता तर उत्तर खाली गेलं असतं. धोंडाबाई उठली. मेढीपाशी गेली, आरशावर हात ठेवून उभी राहिली. खालची चमक पुन्हा आली, तिच्या ओल्या डोळ्यांत शिरली. ती आत गेली आणि बिरूचं काळं घोंगडं घेऊन आली. आरशावर ते नीट, चारी बाजूंनी झाकलं जाईल असं टाकलं.

खाली गुरुजी किती वेळ आरसा हलवत उभे होते कुणास ठाऊक. वर घोंगडं ऊन पीत राहिलं. दुपारपर्यंत हात लावता येईना इतकं तापलं, आणि परत काही दिलं नाही.